डोळे मिटून एका पायावर

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहा. पायांतली चप्पल काढा, भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा आणि एक पाय उचला. बहुतेकांना असे अर्धा-पाऊण मिनिट तरी सहज उभे राहता येते. आता तसेच उभे राहून डोळे मिटा. घोटा लगेच डावीकडे-उजवीकडे डुलू लागतो, पायाची बोटे जमीन धरू पाहतात, आणि थोड्याच सेकंदांत एक तर उचललेला पाय खाली येतो किंवा हात भिंतीला टेकतो. स्नायू तेच, हाडे तीच, जमीनही तीच. मिटले ते फक्त डोळे. मग बिघडले काय?

या साध्या प्रश्नाचा माग युरोपातल्या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घ्यायला सुरुवात केली. त्याचे उत्तर प्रयोगशाळेतून रुग्णालयात, तिथून खेळाच्या मैदानावर आणि शेवटी नाचाच्या वर्गात पोचायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत ते अजून फारसे पोचलेले दिसत नाही. म्हणून हा इतिहास शिक्षकांपुढे मांडावा असे वाटले.

आम्हाला या विषयाकडे वळवले ते आमच्या भाचीच्या घोट्याने. ती सातवीत होती. संमेलनाच्या समूहनृत्यात तिची निवड झाली होती. जानेवारीतली सकाळ, मुले थेट रिक्षातून उतरून रंगमंचावर, आणि लगेच गाणे सुरू. तिसऱ्या-चौथ्या उडीला तिचा पाय बाहेरच्या बाजूने दुमडला. हाड मोडलेले नव्हते. बर्फ, क्रेप बँडेज, तीन आठवडे विश्रांती, आणि सूज उतरली. पण पुढच्या दोन वर्षांत तोच घोटा तीनदा मुरगळला. एकदा तर सपाट रस्त्यावर चालताना. घरात सगळे म्हणू लागले, ‘हिचा पायच नाजूक आहे.’ आम्हीही तेच म्हणालो. स्नायूंच्या पेशींवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आम्हाला, आपण चुकीचे बोलत आहोत हे कळायला बराच वेळ लागला. तोवर तिने नाच सोडून दिला होता.

सहावी संवेदना

पाहणे, ऐकणे, वास, चव आणि स्पर्श ही पाच ज्ञानेंद्रियांची यादी आपण प्राथमिक शाळेत शिकवतो. चार्ल्स बेल या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. मेंदूकडून स्नायूकडे आज्ञा जाते, एवढे सांगून बेल थांबले नाहीत. स्नायूकडूनही मेंदूकडे बातमी परत जाते, असे एक पूर्ण वर्तुळ त्यांनी कल्पिले. या ‘स्नायूंच्या संवेदने’ला त्यांनी पाच ज्ञानेंद्रियांच्या पंक्तीत सहावे स्थान दिले.

बेल यांनी नोंदलेले एक उदाहरण विसरता येत नाही. अंगावर पाजणाऱ्या एका मातेला पक्षाघाताचा झटका आला. तिच्या एका बाजूची शक्ती गेली आणि दुसऱ्या बाजूची संवेदना. या दुसऱ्या हातात शक्ती होती, पण तो हात कुठे आहे हे तिला कळत नव्हते. त्या हाताने ती बाळाला धरू शकत असे, पण फक्त बाळाकडे पाहत असेपर्यंत. नजर दुसरीकडे वळली की हात हळूहळू सैल होई आणि बाळ पडण्याची वेळ येई. हरवलेल्या संवेदनेचे काम डोळे करीत होते.

बर्लिनचे मोरिट्झ रोम्बेर्ग यांनी १८४० नंतरच्या आपल्या ग्रंथात अशाच रुग्णांचे वर्णन केले. मज्जारज्जूच्या मागच्या भागातील तंतू झिजलेले हे रुग्ण डोळे उघडे ठेवून पाय जुळवून उभे राहू शकत, पण डोळे मिटताच डोलू लागत. ‘रोम्बेर्गची चाचणी’ म्हणून मज्जाविकारांचे डॉक्टर ती आजही वापरतात. लेखाच्या सुरुवातीला आपण केला तो प्रयोग म्हणजे या चाचणीचे थोडे अवघड रूप.

पण ही बातमी पाठवते कोण? स्नायूंच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली काही चमत्कारिक रचना दिसल्या होत्या. सूत कातायच्या चातीसारख्या, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या. त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. त्यांचे कार्य ठाऊक नव्हते. १८९४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी मज्जातंतूंची मुळे कापून, कोणते तंतू जगतात आणि कोणते मरतात हे तपासले. हे तर्कू संवेदक आहेत, हे त्यावरून त्यांनी सिद्ध केले. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूतील एक-तृतीयांश ते निम्मे धागे आज्ञा नेणारे नसून बातमी आणणारे निघाले. ज्या स्नायूंना आपण फक्त ओढणारी यंत्रे समजत होतो, ते ज्ञानेंद्रियेही होते!

१९०६ मध्ये शेरिंग्टन यांनी या संवेदनेला नाव दिले. ‘स्वतःचे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते झाले प्रोप्रिओसेप्शन. आपण त्याला अंगभान म्हणू. गुडघा किती वाकला आहे, टाच किती तिरपी आहे, वजन पायाच्या कोणत्या कडेवर आहे, हे न पाहता कळणे म्हणजे अंगभान. शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

गरम करायचे, पण काय?

अंगभान असे पाठ्यपुस्तकांत येऊन बसले, पण व्यायामशाळेत त्याचा पत्ता नव्हता. तिथे विचार चालला होता उष्णतेचा. ‘वॉर्म-अप’ या शब्दातच तो दिसतो, आणि आपल्याकडेही खेळाडू ‘अंग गरम करतो’ असेच म्हणतात.

या विचारात तथ्य होतेच. कोपनहेगनमध्ये अस्मुसेन आणि बोये या दोघांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग त्यासाठी गाजले. त्यांनी माणसांचे स्नायू कधी व्यायामाने, तर कधी गरम पाण्याने तापवले आणि मग त्यांना सायकलच्या यंत्रावर जोरात पायडल मारायला लावले. स्नायूचे तापमान वाढले की काम लवकर होते, असे त्यांना आढळले. कारण समजण्यासारखे आहे. तापमान काही अंशांनी वाढले की स्नायूतील रासायनिक क्रिया वेगाने होतात, आणि मज्जातंतूंतून संदेशही थोडा अधिक वेगाने धावतो.

पण सर्वांना हे पटले नाही. अमेरिकेत कार्पोविच आणि हेल यांना १९५६ मध्ये धावणाऱ्यांवर वॉर्म-अपचा परिणाम दिसला नाही. मग शंका आली की, ‘आपण तयारी केली आहे’ या नुसत्या विश्वासानेच तर खेळाडू जोर लावत नसेल ना? ही शंका फेडायला १९६१ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी एक विलक्षण युक्ती केली. त्यांनी तरुणांना संमोहित केले. त्या अवस्थेत कधी वॉर्म-अप करवून घेतला, कधी नाही, आणि काय झाले ते विसरून जायला सांगितले. मग सायकलच्या यंत्रावर वेळ मोजली. दोन्ही वेळांत फरक पडला नाही!

पुढे अधिक काटेकोर प्रयोगांत उष्णतेचा फायदा पुन्हा दिसला, तेव्हा या संमोहनाने वाद मिटला असे नाही. पण शिक्षकांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. या सर्व प्रयोगांत विचारलेला प्रश्न एकच होता: माणूस किती जोरात, किती वेगाने काम करतो? तो सुरक्षित राहतो का, हे कोणी मोजतच नव्हते.

मैदानावर मात्र गृहीत धरले गेले होते की, अंग ताणून घेतले की दुखापत टळते. पायाच्या अंगठ्याला हात लावून स्वस्थ उभे राहायचे, हा प्रकार आपणही शाळेत केला आहे. २००० साली ऑस्ट्रेलियात लष्करात नव्याने भरती झालेल्या १५३८ तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांनी थोडे धावून अंग गरम केले. त्यांतल्या निम्म्या तुकड्यांनी त्यात पायांचे स्नायू ताणण्याची भर घातली. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील दुखापतींमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. ताणण्याने लवचिकता वाढते, ती नर्तकाला हवीच. पण तिला कवच समजणे चूक होते.

तुटलेली तार

आता थोडे मागे, १९६५ च्या लंडनमध्ये जाऊ. मायकेल फ्रीमन या अस्थिरोगतज्ज्ञाला एक कोडे सतावत होते. घोटा मुरगळलेले कितीतरी रुग्ण बरे होत. सूज जाई, सांधा ढिला राहिलेला नसे, स्नायूंत शक्ती असे. तरीही ते तक्रार करीत की पाय अधूनमधून ‘दगा देतो’. नेमकी आमच्या भाचीची तक्रार!

फ्रीमन यांनी या रुग्णांना एका पायावर उभे करून डोळे मिटायला सांगितले. दुखावलेल्या पायावर ते अधिक डोलत. फ्रीमन यांचा तर्क असा होता: हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांत आणि सांध्याच्या वेष्टनातही संवेदक असतात. या संवेदकांचे तंतू अस्थिबंधाच्या धाग्यांहून नाजूक असतात. घोटा मुरगळतो तेव्हा अस्थिबंध थोडासाच फाटतो, पण ही बारीक तार तुटते. अस्थिबंध भरून येतो, मात्र मेंदूकडे जाणारी बातमी अर्धवट राहते.

उपायही तर्काला धरूनच होता. खाली अर्धगोल असलेल्या, डुगडुगणाऱ्या फळीवर रुग्णांना तोल सांभाळायला लावायचे. नुसत्या विश्रांतीच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या मानाने, या व्यायामानंतर पाय दगा देण्याच्या तक्रारी पुष्कळच कमी झाल्या.

फ्रीमन यांचा उपाय टिकला. तर्क मात्र पुढे दुरुस्त करावा लागला. पाय वाकडा पडल्याची बातमी मज्जारज्जूपर्यंत जाऊन, तिथून आज्ञा परत येऊन घोट्याचे स्नायू आवळायला जो वेळ लागतो, तेवढ्यात घोटा मुरगळूनही झालेला असतो. सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी अवधीत हा खेळ संपतो. म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया कितीही चलाख असली तरी एकटी पुरत नाही. पाय जमिनीला टेकण्याच्या आधीच स्नायूंनी योग्य प्रमाणात आवळून तयार असायला हवे. पायरी उतरताना आपला पाय पायरीची उंची ओळखून तयारच असतो. कधी एक पायरी कमी निघाली तर कसा दणका बसतो ते आठवा. हा अंदाज मेंदू बांधतो तो आधीच्या हजारो पावलांच्या बातमीवरून. डुगडुगत्या फळीवर माणूस हा अंदाज बांधायला नव्याने शिकत होता.

मैदानावरची परीक्षा

जे दुखापतीनंतर उपयोगी पडते, ते दुखापतीपूर्वी का करू नये? हा प्रश्न आज उघड वाटतो, पण तो विचारला जायला वीस-तीस वर्षे गेली. १९८५ मध्ये स्वीडनमधील फुटबॉलपटूंवर, पूर्वी घोटा दुखावलेल्यांना अशा फळीचा फायदा होतो हे दिसले. १९९६ मध्ये इटलीतून ६०० हौशी व अर्धव्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी आली. गुडघ्याच्या आत कात्रीसारखे एकमेकांवरून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा तुटला की खेळाडूचे वर्ष बुडते, कधी कारकीर्दही. तीन हंगामांत तोलाचा सराव करणाऱ्या ३०० जणांमध्ये असे १० गुडघे गेले, तर न करणाऱ्या ३०० जणांमध्ये ७०. या पाहणीत गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, हा तिचा दोष. पण आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते.

पुढची पावले अधिक काळजीपूर्वक पडली. नॉर्वेत हँडबॉल खेळणाऱ्या १२० क्लबांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी झाली. पंधरा ते सतरा वर्षांची १८३७ मुले-मुली त्यांत होती. एका गटाने वॉर्म-अपमध्येच धावणे, उडीनंतर नीट उतरणे, एका पायावरचा तोल आणि शक्तीचे व्यायाम केले. २००५ मध्ये निष्कर्ष आले: गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. २००८ मध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या १८९२ मुलींवर अशीच परीक्षा झाली. सर्व अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत, पण एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या.

कॅनडातील कॅलगरीत तर हा प्रयोग शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या तासालाच झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत बारा शाळांतील हजाराहून अधिक विद्यार्थी होते. मुलींच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. मुलांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. का, याचे पक्के उत्तर नाही.

अशा तयारीला आता ‘मज्जा-स्नायू वॉर्म-अप’ म्हणतात. अंग गरम होतेच. पण मुख्य काम आहे ते अंगभान जागे करण्याचे.

नाचणाऱ्यांची पाळी

नृत्याच्या गुरूंना हे ठाऊकच नव्हते का? काही अंशी होते. पॅरिसमध्ये चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली. बॅलेचे शिक्षण पद्धतशीर मांडणारा कार्लो ब्लासिस यांचा ग्रंथ १८२० मध्ये मिलानमध्ये प्रसिद्ध झाला. बॅलेचा वर्ग आजही भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला हात लावून, गुडघे सावकाश वाकवण्यापासून सुरू होतो. उड्या शेवटी येतात. आपल्याकडे कथकचा रियाज विलंबित लयीतल्या तत्कारापासून दुगुण-चौगुणीकडे चढत जातो. हळूहळू वाढवणे हे शहाणपण परंपरेत होते.

पण परंपरेत नसलेले दोन प्रश्न विज्ञानाने विचारले. पहिला आरशाचा. नर्तकांचा तोल सामान्य माणसापेक्षा चांगला असतो, यात शंका नाही. पण फ्रान्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळे मिटल्यावर ही आघाडी बरीचशी ओसरलेली दिसली. वर्षानुवर्षे आरशात पाहून शिकणारे शरीर बेलच्या त्या मातेप्रमाणे डोळ्यांवर भार टाकायला शिकते. रंगमंचावर समोर आरसा नसतो, असतो तो डोळे दिपवणारा प्रकाश. दुसरा प्रश्न घोट्याचा. स्टॉकहोमच्या राजेशाही बॅलेतील नर्तकांवर झालेल्या १९९६ च्या अभ्यासात घोटा मुरगळल्यावर तोल बिघडलेला आढळला, आणि सरावाने तो काही आठवड्यांत सुधारत गेला. फ्रीमन यांचे रुग्ण आणि हे कसलेले नर्तक यांची गोष्ट एकच होती.

नृत्यवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९० मध्ये स्थापन झाली. फुटबॉलच्या वॉर्म-अपचा आराखडा घेऊन खास नर्तकांसाठी बेतलेला कार्यक्रम ब्रिटनमधील संशोधकांनी मांडला तो २०२२ मध्ये. म्हणजे नर्तकांची पाळी उशिरा आली. त्यातही पहिले लक्ष गेले ते व्यावसायिकांकडे आणि त्यांच्या शाळांकडे. आठवड्यातून दोनदा हौसेने क्लासला जाणारी किंवा संमेलनापुरते एक गाणे तीन आठवड्यांत बसवणारी मुले रांगेत सर्वांत मागे उभी आहेत. त्यांच्यापाशी रोजचा रियाज नसतो, कसलेले स्नायू नसतात. शिवाय याच वयात हातपाय झपाट्याने लांबत असतात. नृत्यातला पुरावा अजून फुटबॉलइतका भक्कम नाही, हेही सांगायला हवे. पण घोटा आणि गुडघा हे सांधे तेच आहेत, आणि उडी मारून एका पायावर उतरणेही तेच आहे.

शाळेतली दहा मिनिटे

तालमीपूर्वी दहा मिनिटे काढता आली तर त्यांत काय असावे? आधी दोन-तीन मिनिटे हलके पळणे, बाजूला सरकत जाणे, गाण्याच्याच ठेक्यावर पावले टाकणे. मग एका पायावर उभे राहणे: प्रथम डोळे उघडे, नंतर मिटून, आणि पुढे जोडीदाराने खांद्याला हलकासा धक्का देऊन. मग लहान उड्या. उतरताना आवाज कमीत कमी यावा, गुडघे वाकावेत आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहावा, आत कलू नये. त्यानंतर टाचा उचलणे, अर्ध्या बैठका आणि कोपरांवर अंग तोलून धरणे. लेझमीच्या पथकालाही हे सगळे चालते. फळीची गरज नाही. घडी घातलेली सतरंजी पुरते. वर्षाच्या आधीच्या महिन्यांतही आठवड्यातून दोन-तीनदा हे होत राहिले, तरच उपयोग. संमेलनाच्या दिवशी एकदाच करून अंगभान वाढत नाही. वरच्या नॉर्वेच्या फुटबॉलपटू मुलींमध्येही, नियमाने करणाऱ्यांना अधिक फायदा झाला होता.

पाय टेकवत नसेल किंवा सूज मोठी असेल, तर अर्थातच आधी डॉक्टर. पण सूज उतरली की काम संपले असे समजू नका. पंधरा दिवसांनी त्या मुलाला एका पायावर उभे करून डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांची सेकंदे मोजा. हे मुलांनीच घड्याळ लावून, वहीत तक्ता करून केले, तर विज्ञानाचा एक तासही होऊन जातो. रोम्बेर्ग, शेरिंग्टन आणि फ्रीमन त्यात आपोआप येतील.

आमच्या भाचीची सेकंदे आम्ही मोजली ती तिच्या पहिल्या दुखापतीनंतर सव्वादोन वर्षांनी. चांगल्या पायावर अकरा, दुखऱ्या पायावर तीन. ‘नाजूक’ पायाचे कोडे तिथेच सुटले. गेले सात महिने ती रोज दात घासताना त्या पायावर उभी राहते. मागच्या आठवड्यात तिने स्वतःच मोजून सांगितले: नऊ. नाचाच्या क्लासला परत जायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.